पाड्यावरच्या मुलांचे दात : डिसेंबरात शिबिर ठरतंय, बेत बरोबर आहे का?

शनिवारची_लोकल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बोरिवली-दहिसरकडच्या आम्हा दहा-बारा जणांच्या गटाने मोखाडा तालुक्यातल्या दोन पाड्यांवर लहान मुलांच्या दातांचं काम करायचं ठरवलंय. वस्ती वारली, ठाकूर आणि थोडी कातकरी घरं. दोन अंगणवाड्यांत मिळून 3 ते 6 वयाची साठेक मुलं, तीन वर्षांखालची वीस-बावीस. थोड्या अंतरावर आश्रमशाळा, तिथे दोनशेच्या आसपास मुलं राहतात.

आत्ताचा बेत : डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे निघायचं, दिवसभर तपासणी, प्रत्येकाला एक ब्रश आणि एक ट्यूब, भिंतीवर पोस्टर, संध्याकाळी परत. गटात एक नोंदणीकृत दंतवैद्य आहे. खुर्ची, ड्रिल वगैरे काही नाही. हाताशी चाळीस हजार रुपये.

पाहणीत दिसलं ते : सकाळी कोरा चहा, साखर भरपूर, बरोबर बिस्किटं. दुपारी दुकानातली पाच रुपयांची पुडी. दात घासायला करंजाची काडी किंवा चुलीतली राख. आज्या मशेरी लावतात, दोन-तीन मुलींच्या बोटालाही काळं होतं. वरचे पुढचे दात हिरडीपर्यंत झिजून गेलेली तीन-चार वर्षांची मुलं बरीच. पाणी एक हातपंप आणि एक विहीर. विहीर मार्चनंतर तळ गाठते.

राख आणि दातण बंद करायला सांगावं का? लहान मुलं पेस्ट गिळतात, मग किती द्यावी? कीड जागच्या जागी थांबवणारं एक काळं औषध असतं म्हणतात, ते पाड्यावर वापरता येईल? आणि परवानगी कोणाकोणाची लागते?

---

दुधाची_दाढ (बालदंतवैद्य, परळ)

पहिलं म्हणजे ती झीज नाही, कीड आहे. झीज असती तर वरचे-खालचे दोन्ही दात सपाट दिसले असते. वरचे चार पुढचे दात आधी जातात आणि खालचे पुढचे शाबूत राहतात, कारण खालच्यांवर जीभ असते आणि जिभेखालची लाळ त्यांना सतत धुते. असं तोंड दिसलं की समजायचं, मूल गोड एकदाच न खाता दिवसभर घोट-घोट, चघळ-चघळ घेतंय. प्रत्येक गोड घोटानंतर दाताभोवती आम्ल तयार होतं आणि ते निवायला लाळेला अर्धा-पाऊण तास लागतो. दर तासाला चहा-बिस्किट झालं तर दाताला उसंतच मिळत नाही. म्हणून "गोड बंद" हा सल्ला देऊ नका, कोणी पाळणार नाही. गोड हवं तर जेवणाला जोडून, एका बैठकीत संपवायचं, आणि रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काही नाही, एवढंच सांगा. आणि कृपा करून अंगावरचं दूध तोडायला सांगू नका. वर्षानंतर रात्रभर पाजण्याने कीड वाढू शकते हे खरं, पण कुपोषणाच्या भागात त्या दुधाची किंमत दोन दातांपेक्षा फार मोठी आहे.

तपासणी ओसरीवर, उजेडात. लहान मूल असेल तर आई आणि तुम्ही समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसा. मुलाचं डोकं तुमच्या मांडीवर, पाय आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, हात आईने धरायचे. मूल रडतं, पण रडताना तोंड उघडं असतं, त्यामुळे काम होतं. वरचा ओठ उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात, फ्लोराइडने (पेस्टमधला दात टणक करणारा क्षार) परतवता येते. तपकिरी, मऊ, ओलसर खड्डा म्हणजे चालू कीड. काळा पण टणक आणि चकचकीत म्हणजे थांबलेली. टोकदार सुई खुपसून बघायची जुनी सवय सोडा, पांढऱ्या रेघेवर ती खुपसली तर खड्डा तुम्हीच पाडता. आरसे मोजून न्या, जितकी मुलं तितके. नसतील तर लाकडी चपटी काडी आणि डोक्यावरचा टॉर्च पुरतो. बादलीत जंतुनाशक कालवून तोच आरसा साठ तोंडांत फिरवणं हा शिबिरांतला सर्वांत जुना गुन्हा आहे.

वयावरून दात मोजताना जपून. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात, अडीच-तीन वर्षांत वीस पुरे, असा हिशेब असतो, पण कुपोषित मुलात दात उशिरा येतात आणि एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, मुळातच खडबडीत, खळगे पडलेलं असू शकतं. असे दात लवकर किडतात. आणि सहाव्या वर्षाची दाढ नक्की बघा. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे गुपचूप येते, तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाची समजतात. "पडणारच आहे" म्हणून सोडलेली ती दाढ आयुष्यभराची असते. दुधाच्या दाढांनाही दहा-बारा वर्षांपर्यंत काम करायचं असतं.

पेस्ट. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे साधारण 0.1 ग्रॅम. 3 ते 6 वयाला वाटाण्याएवढी, 0.25 ग्रॅम. डब्यावर फ्लोराइड 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार) हवं. आकडा दिलेला नसेल तर घटकांत सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट 0.76 टक्के किंवा सोडियम फ्लोराइड 0.22 टक्के शोधा, दोन्हींचा अर्थ तोच. मुलांची म्हणून चित्रं काढलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड निम्मं असतं किंवा नसतंच. लाल मंजनात तर गेरूच जास्त. वाटाण्याएवढी पेस्ट अख्खी गिळली तरी पाव मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जातं, घाबरायचं कारण नाही. ट्यूब मात्र मुलाच्या हाती लागू देऊ नका. 100 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये 100 मिलिग्रॅम असतं आणि दहा किलोच्या मुलाने त्यातली निम्मी खाल्ली तर दवाखाना गाठावा लागतो.

दातण बंद करू नका. करंज, बाभूळ, कडुलिंब, काहीही चालेल. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब, ताजी. टोक चावून कुंचला झाला पाहिजे, नाहीतर हिरडी सोलते. दातण कमी पडतं ते दोन ठिकाणी : दातांची आतली बाजू आणि मागची दाढ, आणि त्यात फ्लोराइड नसतं. काडीच्या कुंचल्यावर तांदळाएवढी पेस्ट लावली की अर्धा प्रश्न सुटतो, ब्रशची वाट बघावी लागत नाही. राख मात्र थांबवा. चाळलेली असली तरी तिच्यात वाळूचे कण असतात आणि हिरडीलगतचा भाग त्यांनी खरवडतो.

आता काळं औषध. ते म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, 38 टक्के. ड्रिल नाही, सुई नाही, वीज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, फ्लोराइड पेस्ट आणि दात भरायचं ग्लास आयनोमर सिमेंट यांच्यासोबत. लावायची रीत : ओठांना आणि आसपास व्हॅसलीन. दात ओल्या कापसाने पुसून मऊ अन्नकण काढा, कीड खरवडायची गरज नाही. कापसाच्या गुंडाळ्या लावून दात कोरडा करा. प्लॅस्टिकच्या वाटीत एकच थेंब घ्या, पाच दातांना पुरतो. धातूची किंवा काचेची वाटी नको. बारीक कुंचल्याने खड्ड्यात मिनिटभर चोळा, जास्तीचं कापसाने टिपा. ओलं राहिलं की औषध पातळ होऊन हिरडीवर उतरतं आणि काम होत नाही, अपयशाचं पहिलं कारण हेच. तोंडात धातूसारखी चव येते, मूल तोंड वेडंवाकडं करेल. कातडीला लागलं तर काळा डाग आठवडा-पंधरा दिवसांनी आपोआप जातो, कपड्यावरचा जात नाही. रात्री दुखून झोप उडवणारा, हिरडीवर पुवाचा फोड आलेला किंवा हलणारा दात या औषधाने बरा होत नाही, तो दवाखान्यात. चांदीची ॲलर्जी असेल तर नाही, हिरडीवर जखमा असतील तर नाही. एकदा लावून बऱ्याच किडी थांबतात, सहा महिन्यांनी पुन्हा लावलं तर जास्त थांबतात. आणि हे दंतवैद्यानेच लावायचं, स्वयंसेवकाने हात लावू नये.

ज्यांना कीड नाही किंवा फक्त पांढरी रेघ आहे त्यांना 5 टक्क्यांचं फ्लोराइड वॉर्निश. दुधाच्या सगळ्या दातांना मिळून 0.25 मिली. दात कापडाने पुसून पातळ थर द्या. दात पिवळसर दिसतात, आईला आधी सांगा. त्या दिवशी मऊ खाणं, रात्री घासायचं नाही.

सहा वर्षांच्या दाढेच्या खळग्यांत आणि एकाच पृष्ठभागावरच्या छोट्या खड्ड्यांत हाती साधनांनी भरण करता येतं. चमच्यासारख्या एक्सकॅव्हेटरने मऊ भाग काढायचा, दात कोरडा ठेवून घट्ट जातीचं ग्लास आयनोमर भरायचं, वरून व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबायचं. पूड आणि द्रव कंपनीच्या मापानेच, अंदाजाने नाही. कालवलेलं चकाकी हरवण्याआधी दातात गेलं पाहिजे. मेच्या उन्हात ते हातातच आवळतं, तेव्हा काचेची लादी आधी थंड पाण्यावर ठेवून पुसून घ्या. नंतर तासभर खाणं नाही. दोन दातांच्या मधली कीड भरायला जाऊ नका, दुधाच्या दाढांत ते भरण फार टिकत नाही. तिथे चांदीचंच औषध बरं.

---

जुन्या_सुपरवायझर (अंगणवाडी पर्यवेक्षिका, निवृत्त)

डॉक्टरांचं सगळं मान्य. पण डिसेंबरात हे कोणाच्या तोंडात करणार? दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरं जगायला निघतात. वीटभट्ट्या भिवंडीकडे, वसईकडे, कल्याणकडे. लहान मुलं आईबरोबरच जातात, मागे राहतात म्हातारी आणि आश्रमशाळेतली पोरं. पटावर साठ नावं असतील, सतरंजीवर किती बसतील ते त्या दिवशी बघा.

पाडा भरलेला असतो तो दोनदा. एक, भाताची लावणी आटपल्यावर, ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर. जुलैत जाऊ नका, सगळी शेतात असतात. दुसरा, होळीच्या आधीचे दोन-तीन दिवस. शिमग्याला भट्टीवरची माणसं घरी येतातच. सप्टेंबर ते होळी साधारण सहा महिने, आणि डॉक्टर औषध सहा महिन्यांनीच म्हणतायत. तेव्हा डिसेंबरचं शिबिर सोडा, हे दोन दिवस धरा. पैसे दोन्ही फेऱ्यांत वाटून घ्या. एकाच फेरीत खर्च केले तर दुसरी कधीच होत नाही.

रोजचं काम सेविकेच्या हातून व्हायचं असेल तर तिच्यावर नवीन रजिस्टर लादू नका. पोषण आहार झाला की घासायचं, वेळ वेगळी काढायची नाही. ट्यूब कपाटात. एका ताटलीच्या काठाला वाटाण्याएवढे ठिपके सेविकेने ठेवायचे, प्रत्येक मुलाने आपल्या ब्रशने एकेक उचलायचा. ट्यूबचं तोंड ब्रशांना लावत गेलं तर एकाचं दुसऱ्याला. 30 मुलं, 25 दिवस, पाव-पाव ग्रॅम : महिन्याला 190 ग्रॅमच्या आत, म्हणजे 100 ग्रॅमच्या दोन ट्यूब. एका अंगणवाडीला वर्षाच्या वीस-चोवीस ट्यूब झाल्या, पोस्टर छापण्यापेक्षा स्वस्त. पाणी मुलामागे अर्धा पेला, तिसांना तीन लिटर. थुंकायला मागच्या बाजूला हातभर चर, वर माती लोटायची.

ब्रशवर मार्करने लिहिलेलं नाव पंधरवड्यात पुसतं. तापलेल्या खिळ्याने दांड्यावर आकडा उठवा, लहानांना रंगीत दोरा. ब्रश पेल्यात एकत्र खोचले की केस एकमेकांना लागतात. बांबूच्या पट्टीला चार-चार बोटांवर भोकं पाडून टांगा, केस वर, वरून मच्छरदाणीचा तुकडा. झुरळं आणि उंदीर पेस्टच्या वासाने येतात. केस फिसकारले की बदला, तीन महिन्यांत फिसकारतातच. घरी नेलेला ब्रश घरातली चार माणसं वापरतात, म्हणून अंगणवाडीचा ब्रश अंगणवाडीतच.

आश्रमशाळेत नळावर झुंबड होते, मोठी मुलं लहानांना ढकलतात. तिथे नळावर घासायचंच नाही. ओळीत उभं करून कोरड्या ब्रशवर पेस्ट, दोन मिनिटं घासणं, चरात थुंकणं, मग वर्गवार नळावर. संध्याकाळच्या जेवणानंतरचं घासणं तिथे सहज बसतं, घरी ते बसत नाही. तेव्हा जोर तिथे रात्रीवर द्या.

परवानगी : अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचं पत्र, औषध लावायचं म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्यालाही कळवायचं. आश्रमशाळा जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाखाली येते. सरपंच आणि पाड्यावरची जाणती माणसं कागदावर नसतात, पण आधी त्यांच्याकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, दातांचे आजारही त्यांच्या यादीत आहेत. हा कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्यांचा दौरा विचारून घ्या आणि तुमची यादी त्यांना द्या, म्हणजे काढायचे दात सरकारी वाटेने पुढे जातील. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आधी फोन करून विचारा. मुलाला पन्नास रुपये गाडीभाडं खर्चून नेलं आणि खोलीला कुलूप मिळालं तर ती आई पुन्हा कुठल्याच दवाखान्यात येत नाही.

खाण्याचं सांगायचं तर भाषण नको. अंगणवाडीच्या अमृत आहारातलं अंडं खाऊन दात बिघडत नाही, नागलीची भाकरी, पेज, उकडलेला कंद यानेही नाही. पुडीच्या जागी काय, हे तिथेच आहे.

---

शनिवारची_लोकल

डिसेंबर रद्द. गटात थोडी नाराजी आहे, सुट्ट्या काढल्या होत्या, पण पटलं. आणखी तीन शंका.

एक, घासल्यावर फक्त थुंकायचं, चूळ नाही, असं सगळीकडे वाचतोय. आपल्याकडे चूळ न भरणं म्हणजे तोंड खरकटं ठेवणं. दोन, काळा दात बघून आया काय म्हणतील? तीन, मशेरीचं आजीला सांगायचं कसं, तिचं म्हणणं "हिच्याशिवाय पोट साफ होत नाही".

---

चुना_नको_बाई (तंबाखूमुक्ती समुपदेशक)

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच, फक्त पूड केलेली. ती दात घासायची वस्तू आहे असं घरात मानलं जातं, म्हणून लहान मुलीच्या बोटावर येताना कोणाला खटकत नाही. बहुतेक मुली आजीसाठी तव्यावर भाजून देताना पहिल्यांदा चाखतात. निकोटिन हिरडी आणि गालाच्या आतून सरळ रक्तात जातं, तांबड्या-काळ्या थुंकीतून सगळं बाहेर जात नाही. आजीचं पोटाचं म्हणणं खोटं नाही बरं का : निकोटिन आतड्याला चालना देतं आणि सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होते. "काही होत नाही" म्हणून वाद घातलात तर तिथेच हरलात. उठल्यावर कोमट पाणी दोन पेले, आठवडा-दोन आठवडे त्रास होईल आणि जाईल, असं आधी सांगा.

आजीपासून सुरू करू नका. मागणी छोटी ठेवा : मुलांच्या बोटाला नाही, मुलांच्या हातून भाजणं नाही, डबी मुलांच्या हाताला लागेल अशी नाही. हे बहुतेक आज्या लगेच मान्य करतात. दुसरी मागणी गरोदर सुनेसाठी. तंबाखू लावणाऱ्या आईचं बाळ वजनाने कमी भरतं, हे ग्राम आरोग्य आणि पोषण दिवसाला वजनकाट्यापाशीच बोला, तिथे ते लागतं. बाळाच्या हिरडीला दात येताना मशेरी चोळण्याची सवय असेल तर तेवढ्या एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. उलटी, घाम, मूल मलूल पडणं ही निकोटिनच्या विषबाधेची लक्षणं असतात.

टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला केंद्राने 1992 मध्येच बंदी घातली, पण घरी भाजलेली मशेरी त्या बंदीत कशी सापडणार? शाळेपासून शंभर यार्डांत आणि 18 वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला मात्र 2003 च्या कायद्याने मनाई आहे, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी तो फलक लावलाय का बघा. महाराष्ट्रात गुटख्यालाही 2012 पासून बंदी आहे. मोठ्या मुलांत एक तपासणी जरूर करा : स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का. सुपारी, गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू आखडतं, तिखट झोंबायला लागतं. दोनच बोटं जात असतील तर तो मुलगा थेट दंत महाविद्यालयात. ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी 1800112356 ही मोफत राष्ट्रीय वाहिनी. रेंज लागेल तिथून.

---

तानसा_लाइन

पाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. आपल्या मुंबईच्या नळाला येणारं पाणी शहापूर-मोखाड्याकडच्याच धरणांतलं, मध्य वैतरणा तर मोखाड्यातच. पृष्ठभागावरच्या त्या पाण्यात फ्लोराइड नगण्य. नदीला तोच न्याय लावा, पण विहिरीला आणि हातपंपाला लावू नका. विहिरीचं आणि खोल बोअरचं पाणी तपासल्याशिवाय काही गृहीत धरू नका. मर्यादा 1 मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायचा संच असतो, नसेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत एक लिटर प्लॅस्टिकच्या बाटलीत द्या. काचेच्या नाही. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्याने उलट दाट होतं.

डोळ्याने ओळखायचं तर : जास्त फ्लोराइडच्या पांढऱ्या रेघा आडव्या, दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारख्या. किडीची पांढरी रेघ हिरडीलगत, चंद्रकोरीसारखी, एखाद-दोन दातांवर.

दुसरं, बोरिवलीकर मंडळींना मोखाडा गाठायची एवढी घाई का? राष्ट्रीय उद्यानात नवपाडा आहे, आरेत पाडे आहेत, तिथेही वारली मुलंच आहेत आणि पुड्यांचं दुकान तर आणखी जवळ. तुमच्या डॉक्टरचा काळ्या औषधाचा हात तिथे बसवा. महिन्याने जाऊन थांबलं की नाही बघता येतं, अडलं तर मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे. मोखाड्यात चुकलं तर कळायला सहा महिने.

---

दुधाची_दाढ

तानसावाल्यांशी पूर्ण सहमत, आणि डिसेंबर मोकळा झालाच आहे.

चुळीबद्दल : पुस्तकात "चूळ नको" आहे कारण पाण्याबरोबर फ्लोराइड निघून जातं. पण तो नियम तिथे लादलात तर घासणंच बंद होईल. तीन-चारदा थुंकायला लावा, मग तळहातात मावेल एवढ्या पाण्याची एकच चूळ. तांब्याभर पाण्याने खळखळून नाही. रात्री तेवढीही टाळता आली तर उत्तम.

काळ्या दाताबद्दल सुपरवायझर ताईंना विचारा, त्या माझ्याशी भांडतील. माझं मत : दाढेला बिनधास्त लावा, पुढच्या दाताला आई हो म्हणाली तरच. कीडलेला भागच काळा होतो, चांगला दात होत नाही, आणि काळं होणं म्हणजे औषध लागू पडल्याची खूण. हे तोंडी सांगून पुरत नाही. आधी-नंतरचे दोन फोटो मोठे छापून न्या. दुधाचा पुढचा दात वयाच्या सहाव्या ते आठव्या वर्षी पडणारच, हे पण सांगा.

---

जुन्या_सुपरवायझर

भांडते. आई हो म्हणाली म्हणून नाही चालत, घरात सासू असते, आणि संध्याकाळी भट्टीवरून बापाचा फोन येतो. पहिल्या फेरीत पुढच्या दातांना हातच लावू नका डॉक्टर. दाढांनाच लावा. होळीला तीच बाई दुसऱ्या बाईला सांगेल की पोराचं दुखायचं थांबलं, मग पुढच्या दातांचं विचारा. एका मुलीचे पुढचे चार दात न विचारता काळे झाले तर पाड्यावर "मुंबईवाल्यांनी दात जाळले" एवढंच शिल्लक राहतं. संमतीच्या कागदावर अंगठा घेतलात म्हणजे समजावलं असं नाही.

दाढ दुखली की रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा काढतात, रुईचा चीक घालतात. धुरी देणाऱ्याची टिंगल नको, तोच उद्या तुमच्याकडे मुलं पाठवेल. दातात किडा नसतो, समोर दाखवतात ते दातातून आलेलं नसतं, एवढं सेविकेला माहीत असू द्या. चिकाला मात्र ठाम नाही म्हणा, गाल आतून भाजतो.

"दात येतायत म्हणून जुलाब" हेही ऐकाल. दात येताना लाळ गळते, मूल चिडतं, पण जुलाब-ताप दातांमुळे धरून बसू नये. ओआरएस सुरू, आशाताईंना कळवा.

---

दुधाची_दाढ

मान्य. पहिल्या फेरीत फक्त दाढा.

सेविकेच्या भिंतीवर पोस्टरऐवजी एक कागद लावा, कधी थांबायचं नाही त्याचा. गाल सुजून ताप, सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली उतरणं, गिळता न येणं, तोंड न उघडणं : त्याच दिवशी रुग्णालय. अतिकुपोषित मुलाच्या, विशेषतः गोवर होऊन गेल्यावर, हिरड्या काळ्या पडून तोंडाला घाण वास येऊ लागला तर तासांचा प्रश्न असतो, दिवसांचा नाही. नुसत्या दुखण्याला तिथे पोचेपर्यंत पॅरासिटॅमॉल, किलोमागे 15 मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. 12 किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम, म्हणजे 5 मिलीत 120 वालं सिरप असेल तर साडेसात मिली. 5 मिलीत 250 वालंही मिळतं, तेव्हा बाटली वाचल्याशिवाय मापायचं नाही. ॲस्पिरिन मुलांना नाही, आणि कुठलीच गोळी हिरडीवर दाबून ठेवायची नाही, तिथे फोड येतो.

आणि चांदीच्या औषधाची बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उजेडाने ते खराब होतं. मूळ काळ्या बाटलीत, झाकण घट्ट, डब्यात. थेंब वाटीत काढला की लगेच वापरा. उघड्यावर राहिला तर टाकून नवा घ्या.